काकडीच्या वाफ्याजवळचा डायनासोर

नोकरीतून निवृत्त झाल्यावर आमच्या ह्यांनी पहिले दोन महिने घरातले सगळे नळ दुरुस्त केले. न गळणारेसुद्धा. ओझरच्या विमान कारखान्यात सुटे भाग मोजण्यात त्यांची सगळी हयात गेली होती आणि घरात मोजण्यासारखं फार काही नव्हतं. तिसऱ्या महिन्यात त्यांनी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. परदेशात कुठल्याशा समुद्रकिनाऱ्यावर साधी माणसं, कुणी निवृत्त पोस्टमन, कुणी नर्स, गुडघ्यांवर बसून डायनासोरची हाडं खणत होती. हौसेनं, विनामोबदला. ह्यांनी तो व्हिडिओ चारदा पाहिला आणि म्हणाले, आपणही करू.

मी म्हटलं, नाशिकला समुद्र नाही.

"धरण आहे," ते म्हणाले.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे सरतं तेव्हा खरोखरच मोठा किनारा उघडा पडतो, हे मला मान्य करावं लागलं. पथकात आम्ही चौघं जमलो. हे, मी, आमच्या खालच्या मजल्यावरचे गुरुजी आणि भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक मॅडम. गुरुजी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, यात्रेकरूंचे विधी करतात. रविवारी ते काम मुलाकडे सोपवून आले. मॅडमना डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं, की हा सगळा मुलूख लाव्हारसाचा आहे आणि उकळत्या रसात कुणी हाडं ठेवून जात नाही. इथे डायनासोर सापडणार नाही.

ह्यांनी विचारलं, रस मधूनमधून थंड होत असेल ना?

होत होता, असं मॅडम प्रामाणिकपणे म्हणाल्या, आणि तेवढं ह्यांना पुरलं.

कारखान्याच्या शिस्तीनं तयारी झाली. हेल्मेटं, ब्रश, सुतळी, शिटी आणि बारीक मापं घ्यायचा ह्यांचा जुना व्हर्निअर. अंगात घालायला गुरुजींनी गेल्या कुंभमेळ्यातली भगवी जाकिटं आणली. पाठीवर मोठ्या अक्षरांत 'स्वयंसेवक'. त्या जाकिटांनी घोळ केला. आम्ही पाण्याच्या कडेला सुतळीचे चौकोन आखायला लागलो, की वरच्या वस्तीवरून माणसं उतरून येत. इथे नवा घाट होणार का, आमची जमीन जाणार का, असं विचारत. हे सांगत, की आम्ही डायनासोर शोधतोय. ते ऐकून माणसं आणखी काळजीत पडत. आपल्याला खरं सांगत नाहीत, असं त्यांना वाटे. एका कुटुंबानं तर गाडी कुठे लावायची आणि आंघोळीला कुठून उतरायचं हे मला विचारलं. मी त्यांना जागा दाखवली. जाकीट घातलं की माणूस उत्तरं द्यायला लागतो.

सहा रविवार काही मिळालं नाही. मॅडम दर वेळी निघताना म्हणत, "सांगितलं होतं," आणि पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन उभ्या असत.

सातव्या रविवारी ह्यांना ते दिसलं. पाण्यानं खाल्लेल्या मातीच्या कड्यात, गोट्यांच्या घट्ट थरातून, मुठीएवढं गोल काहीतरी बाहेर डोकावत होतं. ह्यांनी शिटी वाजवली. आम्ही तिघंही दोन हातांवरच होतो. मॅडमनी ब्रशनं माती झाडली, नखानं टकटक करून पाहिलं, आणि चष्मा पुसून पुन्हा वाकल्या. हाड होतं. दगड झालेलं. ह्यांनी व्हर्निअरनं तीनदा मोजलं आणि माप तीनदा वेगळं आलं.

तेवढ्यात वरून एक म्हातारी उतरली. कड्याला लागूनच तिचा काकडीचा वाफा होता. पाणी सरल्यावर गाळात पेरतात, तो गाळपेरा. आतापर्यंत तिनं आमच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. ती येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली, हाड निरखून पाहिलं आणि म्हणाली, "हा माझ्या म्हशीचा पाय हाय."

ह्यांनी तिला समजावलं, की मावशी, हे कोट्यवधी वर्षांपूर्वीचं आहे. तिनं विचारलं, कोण म्हणतं? ह्यांनी मॅडमकडे बोट दाखवलं. मॅडम म्हणाल्या, मी असं काही म्हटलेलं नाही.

मग ती तिथेच बसली आणि तिनं सांगितलं. धरण झालं तेव्हा ती नवी नवरी होती. सासरचं घर, रान, विहीर, सगळं आता पाणी आहे तिथे होतं. माणसं वरच्या वस्तीत गेली; म्हैस जाईना. रोज संध्याकाळी दावं तोडून जुन्या गोठ्याकडे परत यायची. गुडघाभर पाण्यात उभी राहायची. एका सकाळी ती गाळात रुतून मेलेली सापडली. उन्हाळ्यात पाणी सरलं तेव्हा सासऱ्यानं तिला इथेच पुरलं. म्हातारी दर वर्षी इथेच काकडी लावते, ते याचसाठी, की जागा राखली जाते.

त्या दिवशी मॅडमनी काहीही काढू दिलं नाही. सरकारी खात्याला रीतसर कळवलं, परवानगीचा कागद आला, सोबत दोन तज्ज्ञ आले, आणि पंधरा दिवसांनी तो थर हळूहळू मोकळा झाला. पायाच्या हाडाशेजारी शिंगाचा एक जाड, चपटा तुकडा निघाला. मॅडमनी तो उन्हात फिरवून पाहिला. तज्ज्ञांनी पाहिला. मग मॅडम ह्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "म्हैसच आहे."

"मंग मी काय म्हणत व्हते?" म्हातारी म्हणाली.

ह्यांनी हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. मला त्यांचं फार वाईट वाटलं, आणि हसूही येत होतं, म्हणून मी पाण्याकडे बघत राहिले. मॅडमनी पुढे सांगितलं, की ही रानम्हैस आहे, माणसानं गुरं पाळायच्याही आधीची, हजारो वर्षांपूर्वीची. असं सहसा मिळत नाही. तज्ज्ञांनी ह्यांचे हात हातात घेतले. हे हळूच म्हणाले, "हजारोच का?"

म्हातारीनं मात्र सगळं नीट ऐकलं होतं. तिनं विचारलं, "मंग माझी कुठंय?"

हे उठले, हेल्मेट घातलं आणि म्हणाले, "शोधू."

अशा रीतीने डायनासोर शोधायला निघालेलं आमचं पथक एका पाळीव म्हशीच्या शोधाला लागलं. तज्ज्ञ त्यांचं शिंग घेऊन निघून गेले होते. मॅडमना थांबायचं काहीच कारण नव्हतं, तरी सुतळीचे चौकोन त्यांनीच आखले. म्हातारी बांधावर बसून, सासरा कुठे उभा होता, बाभळ कुठे होती, ते आठवून आठवून सांगत होती आणि दर वेळी जागा दोन पावलं सरकत होती. वाफ्यातले चार वेल तिनं स्वतः उपटले. दुसऱ्या रविवारी कमरेइतक्या खोलीवर म्हैस सापडली. हाडं हलकी, चहाच्या रंगाची. गळ्याशी गंजलेली साखळी. म्हातारीनं साखळी हातात घेतली आणि पदरानं पुसत राहिली.

मग तिनं गुरुजींना विचारलं, हिचं काही करता येतं का. गुरुजींनी आधी मनाशी काहीतरी पडताळून पाहिलं. म्हशीला तर्पणाचं पाणी सोडण्याची पाळी त्यांच्यावर आजवर आली नव्हती. शेवटी त्यांनी जाकीट काढून घडी करून ठेवलं, पाण्यात उतरले आणि विचारलं, "गोत्र?"

"आमचंच लावा. घरातली व्हती ती."

"तुमचं कोणतं?"

"ते काय मला ठावं नाय."

माहीत नसेल तर काश्यप धरतात, असं म्हणून गुरुजींनी ओंजळ भरली. आम्ही तिघं हेल्मेटं काढून उभे होतो. वरच्या रस्त्यावर एक जीप थांबली. आत दाटीवाटीनं बसलेली माणसं वाकून बघत होती, आणि त्यांच्यातल्या एकानं हात जोडलेले मला दिसले.

हाडं परत तिथेच पुरली. साखळी म्हातारी घेऊन गेली. जाताना ह्यांच्या पिशवीत तिनं इतक्या काकड्या कोंबल्या, की व्हर्निअर मला हातात धरून आणावा लागला. आठवडाभर आमच्याकडे कोशिंबीर होती.