पासष्ट हजार पाचशे छत्तीस

मुलाखती घ्यायला आम्ही दोघं बसायचो, साहेब आणि मी. आधीच्या साहेबांनी जाताना प्रश्नांचा एक कागद ठेवला होता, शेजारी उत्तरं लिहिलेली. कंपनीत कॉम्प्युटरवर साठ्याची नोंद ठेवायला माणूस हवा असला की आम्ही त्यातलंच विचारायचो. उत्तरं हातात असली की माणूस स्वतःला फार शहाणा समजतो. मी तर जरा जास्तच समजायचो.

त्या वेळी पडेगावहून एक बाई आल्या. गंगापूरकडच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या आवकेचं सगळं काम त्यांनी एकटीनं स्प्रेडशीटवर बसवलं होतं. जिनिंग बंद पडलं. इथं जमलं नाही तर खोली सोडून सासरी पिशोरला जावं लागेल, तिथं हे काम नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. मी विचारलं, स्प्रेडशीटच्या एका पानावर जास्तीत जास्त ओळी किती बसतात? त्या म्हणाल्या, दहा लाखांच्या वर, नेमका आकडा आठवत नाही, तेवढ्या कधी लागल्याच नाहीत. कागदावर होतं पासष्ट हजार पाचशे छत्तीस. मी साहेबांकडे बघून हसलो आणि फुली मारली. बाईंनी ती पाहिली. कागदपत्रं पिशवीत घातली आणि उठल्या.

ज्याला घेतलं, त्यानं आकडा घडाघडा म्हटला होता. दोन महिन्यांनी तो म्हणाला, साठ्याची फाईल पासष्ट हजार ओळींवर गेली, भरत आलीय, दुसरी उघडतो. मी जाऊन अगदी तळाच्या ओळीवर उडी मारली. दहा लाख अठ्ठेचाळीस हजार पाचशे शहात्तर. पुन्हा करून पाहिलं, तेच. रोज हीच फाईल उघडणाऱ्या मी तिचा तळ कधी बघितलाच नव्हता. कागदावरचा आकडा जुन्या सॉफ्टवेअरचा होता. सॉफ्टवेअर बदलून जमाना झाला, कागद तोच. हा आकडा कुठून आणलास म्हणून विचारलं, तर तो निवांत म्हणाला, "सर, तुमच्याकडं हेच उत्तर चालतं. क्लासमध्ये पाठ करून घेतात."

त्याच दुपारी बाईंना फोन लावला. त्या पिशोरला पोचल्या होत्या. चूक आमची होती, एवढं कसंबसं बोललो. आणि वर विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलंत?

"नोकरी मागायला आले व्हते, सर. तुमचं चुकलं म्हणले असते, तर दिली असती का?"

नसती दिली. हे मला पक्कं माहीत होतं.