याकोब गुरुजींचं प्रभुभोजन

नाकातल्या नळीतून प्रभुभोजन देता येतं का, हे आम्हांला सेमिनरीत, म्हणजे चर्चचे पाळक तयार करणाऱ्या शाळेत, कोणी शिकवलं नव्हतं. मेहकरला मार्थाताईच्या घरी मी खाटेशेजारी उभा होतो. हातात भाकरीची डबी आणि द्राक्षरसाची बाटली. खाटेवर तिचे वडील, याकोब गुरुजी. पक्षाघातानंतर गिळणं बंद, बोलणं अडखळत. प्रभुभोजन म्हणजे येशूच्या आठवणीत घेतलेला भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. ते घेतल्याशिवाय देवापुढे जायचं कसं, ही गुरुजींची धास्ती.

मी अंगणात जाऊन आमच्या चर्चच्या सुपरिंटेंडेंटसाहेबांना फोन लावला.

"सर, नळीत ओतू का?"

"तू पाळक आहेस की कंपाउंडर? धीर दे, प्रार्थना कर आणि ये."

धीर देण्यात मी पटाईत. खुर्ची ओढली आणि सुरू झालो. "गुरुजी, नियमशास्त्र म्हणजे मोशेच्या हातून मिळालेल्या आज्ञा. आपण कुठं चुकलो ते त्या दाखवतात, पण तारत नाहीत. तारण, म्हणजे पापातून सुटका, ख्रिस्तावरच्या विश्वासानं मिळतं. तेही फुकट. घास गिळला नाही म्हणून देव तुम्हाला परत पाठवणार नाही."

ज्यांनी लहानपणी कान पिळून माझ्याकडून दहा आज्ञा पाठ करून घेतल्या, त्यांनाच मी हे समजावत होतो. आवाजही छान लागला होता. गुरुजींनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. माझ्या प्रवचनात रविवारी बरेच जण झोपतात.

"खरं सांगून राह्यला?" गुरुजींनी विचारलं.

"अगदी खरं."

"मंग मार्थाले दे."

मार्थाताईनं बौद्ध घरात लग्न केलं, तेव्हा आमच्या चर्चनं तिचं प्रभुभोजन बंद केलं होतं. ठराव मांडणारे सेक्रेटरी होते याकोब गुरुजी. तेव्हापासून भाकर वाटायची वेळ झाली, की ती उठून बाहेर जायची. आता वडिलांना तिनंच आपल्या घरी आणलं होतं.

"गुरुजी, त्याला कमिटीचा ठराव लागेल," मी म्हणालो.

"काऊन बे? आत्ताच त म्हनला, नियमानं कोनी तरत नाही. माह्यासाठी येक अन् तिच्यासाठी येक?"

मार्थाताई नळीसाठी पेज गाळत होती. मान वर न करता म्हणाली, "राहू द्या बाबा. मले सवय झाली."

"मले नाही झाली," गुरुजी म्हणाले.

मी भाकर मोडली. मार्थाताईला तुकडा दिला आणि द्राक्षरस देताना थोडा तिच्या पदरावर सांडला. गुरुजी तिच्या तोंडाकडे एकटक पाहत होते. तिनं घास गिळला, तेव्हा त्यांचाही कंठ हलला.

गुरुजी त्याच आठवड्यात गेले, शांतपणे. कमिटीनं माझ्याकडे खुलासा मागितला. मी दिलेला कोणाला पटला नाही, पण मार्थाताईला पुन्हा बाहेर काढायला कोणी धजलं नाही. मी एवढंच शिकलो: आजाऱ्याला धीर देताना, आपल्याला लगेच करून दाखवता येणार नाही असं काही बोलू नये. आजारी माणूस जुना मास्तर असेल तर मुळीच नाही.