आपांनी दिलेली जागा

तुम्ही तो सिनेमा पाहिलात का? लाजू नका, मीही पाहिला. मला विचारायचंय ते वेगळंच आहे. तिकीट ज्या हातानं खिडकीतून बाहेर आलं, तो हात कुणाचा होता ते बघितलंत?

नसेलच बघितलं. खिडकीचं भोक एवढंसं, मान वाकवली तरच आतलं दिसतं. वाकला असतात तर दिसली असती एक पन्नाशीची बाई. डोक्यावर राखाडी ओढणी, कानामागे लाल पेन्सिल, नाकावर घसरलेला चष्मा, पुढ्यात पुठ्ठ्याला चिमट्यानं लावलेला बैठकीचा तक्ता. आमच्या चौकातल्या थिएटरात अजून कागदी तक्ता चालतो. मालकानं दोनदा कंप्युटर आणला, दोनदा तो बंद पडला, दोन्ही वेळा या बाईनं त्यावर टॉवेल वाळत घातला. सगळे त्यांना आपा म्हणतात. मॅनेजर म्हणतो, शेंगदाणे विकणारा म्हणतो, मीही म्हणतो.

त्यांचे मिस्टर याच थिएटरात डोअरकीपर होते. ते गेले तेव्हा मालकानं आपांना महिनाभरासाठी खिडकीवर बसवलं. त्या महिन्याला एकोणीस वर्षं झाली.

एकोणीस वर्षांत आपांनी एकही सिनेमा पहिल्यापासून पाहिलेला नाही. खिडकी बंद करून त्या आत जातात आणि दाराशी उभ्या राहून शेवटची वीस मिनिटं बघतात. म्हणतात, "मला सगळ्यांचे शेवट पाठ आहेत. सुरुवात कुणाचीच माहीत नाही. कोण कुणाचा भाऊ, ते मरताना कळतं."

पण माणसं कुठं बसवायची, ते आपांना विचारावं. खोकणारा दाराजवळ. एकटा म्हातारा असेल तर लेकुरवाळ्या बाईशेजारी, म्हणजे त्याला डुलकी लागली तर ती उठवते आणि तिचं पोर रडलं तर तो नाणं वाजवून दाखवतो. नव्या जोडप्याला कोपरा द्यायचा नाही, कोपऱ्याकडे सगळं थिएटर वळून बघतं. आणि एकमेकांवर खार खाऊन असलेली माणसं आली तर त्यांना मागेपुढे कधीच बसवायचं नाही. "मागे बसला की पाय लागतो," आपा सांगायच्या, "आणि पाय लागला की बाप निघतो. शेजारी बसवावं. दोन खुर्च्यांत हात टेकायला दांडी एकच असते. पाच मिनिटं दोघंही कोपर रेटतात, मग एक जण काढून घेतो. त्यानंतर काही होत नाही."

हे मी हसून ऐकायचो. मला काय ठाऊक, ही बाई एक दिवस मलाच बसवणार आहे.

मला लोक अर्जवाला म्हणतात. शाळा सातवीत सुटली, पण अर्ज लिहायला मी स्वतः शिकलो आणि माझ्या अर्जानं या वस्तीत पाणी आलंय, हे मी कुणालाही तोंडावर सांगतो. तर तो सिनेमा आला. त्यात सुरा हातात घेतलेला प्रत्येक माणूस आमच्यातला, आणि सुरा वर गेला की मागे अजान. मी तेव्हा पाहिला नव्हता, पण ऐकलं होतं. ऐकूनच माझं डोकं फिरलं होतं.

शुक्रवारी नमाजनंतर आम्ही मशिदीच्या पायऱ्यांवर बसलो. इमामसाहेब म्हणाले, "तीन आठवड्यांत उतरेल. जे तुम्ही बघणार नाही, ते तुमच्यासाठी नाहीच." औषधांचे दुकानवाले म्हणाले, कोर्टात जाऊ. शिंपीमामा म्हणाले, "माझ्याकडे दोन्हीकडच्यांची मापं आहेत बाबा, मला बोलायला लावू नका." कुणी म्हणालं पोस्टर फाडू, त्याला तिघांनी गप्प केलं. मी सिनेमा उतरवा म्हणून अर्ज काढला आणि सह्या घेत सुटलो.

आपांनी सही केली नाही.

"मी शेवटच पाहिलाय," त्या म्हणाल्या. "शेवटी सगळे मरतात आणि झेंडा उरतो. तेवढ्यावर सही कशी करू? तू पाहिलास?"

"घाण आहे हे कळायला गटारात उतरावं लागतं का, आपा?"

"नाही. पण साफ करायला उतरावं लागतं."

त्यांची लेक मागे डबा घेऊन उभी होती. रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे, आईपेक्षा तिखट. ती म्हणाली, "मी रोज सांगते, अम्मी, सुट्टी टाक. तुझ्या हातून तिकीट घेतात आणि आत जाऊन आपल्याला शिव्या देतात."

"आतलं मला ऐकू येत नाही," आपा म्हणाल्या. "इथं तर 'बाई, जरा मधलं द्या' असंच म्हणतात."

लेकीनं डबा आपटून ठेवला. मला ती पोरगी आवडली.

अर्जाचं काही झालं नाही. मग मी बेत आखला, आणि तो चांगला होता, आजही म्हणतो. शनिवारी तीनच्या खेळाला आपली बावीस माणसं तिकीट काढून आत बसतील. पहिला सुरा वर गेला, अजान लागली, की बावीसच्या बावीस उठतील, पडद्याकडे पाठ करतील आणि एकही शब्द न बोलता डाव्या दारानं बाहेर पडतील. दगड नाही, घोषणा नाही. बाहेर दोन वार्ताहर उभे.

त्यासाठी डाव्या दाराजवळ सलग बावीस खुर्च्या हव्या होत्या. मी गुरुवारी आपांकडे गेलो आणि सगळं खरं सांगितलं.

त्या हसायलाच लागल्या. चष्मा काढून डोळे पुसले. "तू आणि मॅनेजरसाहेब एका बाकावर शिकलात का रे? सकाळीच म्हणून गेले, तुमचे लोक आले तर त्यांना डावीकडे दाराजवळ एकत्र बसवा, म्हणजे लक्ष ठेवता येईल."

मला ते झोंबलं. "त्यांचं कारण वेगळं, आमचं वेगळं."

"खुर्च्या त्याच." मग त्या गंभीर झाल्या. "बावीस माणसं एकदम उठली, मागच्यानं कुणी पाय घातला, तर?"

"आमची माणसं हात उचलणार नाहीत."

"हात दुसऱ्यालाही असतात. आत एक खुर्ची मोडली तरी पहिला प्रश्न येणार, तिकिटं कुणी दिली? सोमवारी माझी खिडकी जाईल. खिडकी गेली की घर लेकीच्या एकटीच्या पगारावर. आणि एकोणीस वर्षांनी मला दुसरं काही येत नाही, हे तर तुला माहीतच आहे."

"म्हणजे देणार नाही?"

"बावीस तिकिटं देईन. ते माझं कामच आहे."

शनिवारी तिकिटांचा लिफाफा हातात आला आणि मी थिएटरच्या पायऱ्यांवर तो उघडला. माझं एफ नऊ. शिंपीमामांचं बी चौदा. औषधवाल्यांचं पार वर, बाल्कनीत. बावीस तिकिटं, बावीस ठिकाणी. कुठल्याच दोन खुर्च्या शेजारी नाहीत.

मी रांग तोडून खिडकीशी गेलो. मागे चाळीस माणसं उभी.

"हे काय केलंत?"

"जागा दिल्या."

"तुम्ही मुद्दाम आमची माणसं पांगवलीत. मुद्दाम त्यांच्या बायकापोरांमध्ये नेऊन बसवलंत."

"हळू बोल."

"का हळू बोलू? एकेकाला शोधून त्यांच्यात बसवलंत की नाही, सांगा."

आपांनी माझ्याकडे बघितलंही नाही. पेन्सिलीनं तक्त्यावर फुली मारली आणि म्हणाल्या, "पुढचे."

माझा आवाज कसा आहे ते वस्तीला विचारा. चौकाच्या त्या टोकापर्यंत जातो.

एफ नऊवर जाऊन बसलो. एफ दहावर एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर, पलीकडे त्यांच्या बाई. मास्तरांनी खोकल्याची गोळी पुढे केली. मी नको म्हणालो. दांडीवर त्यांचं कोपर होतं, मी रेटलं. त्यांनीही रेटलं. बरोबर पाच मिनिटं.

पहिल्या अर्ध्या तासात सुरा वर गेला. अजान लागली. मी उठलो, पडद्याकडे पाठ केली. अंधारात एक इकडे उभा, एक तिकडे उभा, जणू गर्दीत हरवलेली माणसं एकमेकांना शोधताहेत. आणि प्रत्येकाच्या मागून आवाज, "बसा की. दिसत नाहीये."

मास्तरांनी माझी बाही ओढली. "बरं वाटत नाही का? बाहेर नेऊ?"

"मी निषेध करतोय."

"कशाचा?"

"याचा. पडद्यावरच्याचा."

त्यांनी एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा मागे. "मग बसून करा ना. मागच्यांना दिसत नाहीये."

बाहेर पडायला मला आठ जणांच्या गुडघ्यांवरून जावं लागलं असतं. आपांनी मला रांगेच्या पोटात बसवलं होतं. शिंपीमामा खाली बसले. मग दुसरा बसला. शेवटी मीही बसलो, आणि आयुष्यात इतकी लाज मला पोलीस चौकीतही वाटली नव्हती.

त्यानंतर तो नमाजचा प्रसंग आला. सरदार खून करून येतो, बुटासकट चटईवर उभा राहतो, कपाळ टेकून एक सजदा करतो आणि उठून तलवार मागतो. बी रांगेतून फिस्कन हसू आलं, ते शिंपीमामा. बाल्कनीतून औषधवाले. मग कोपऱ्यातून आणखी एक. मलाही आवरेना.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"बूट. बूट घालून कुणी नमाज पढतं का चटईवर? आणि सजदे दोन असतात. यानं एक केला आणि पळाला."

"असं होय." त्यांनी ते बाईंच्या कानात सांगितलं. पुढच्या रांगेतही कुणीतरी तेच विचारत होतं, कुणीतरी तेच सांगत होतं.

आता माझ्याकडून गोड शेवटाची अपेक्षा करू नका. सिनेमा संपताना पुढच्या रांगांतली पोरं उठून ओरडली, कुणाला हाकलायचं ते नाव घेऊन ओरडली. मास्तर ओरडले नाहीत. त्यांनी कुणाला गप्पही केलं नाही, आपल्या चपलांकडे बघत राहिले. त्यांच्या बाईंनी मात्र मला विचारलं, अगदी साधेपणानं, "तुमच्यात खरंच शिकवतात का हो? सुरा वगैरे?"

"मला आईनं कांदा कापायला शिकवला होता," मी म्हणालो. "तोही जाड होतो."

त्या हसल्या नाहीत. विचारात पडल्या. तेवढंच.

खुर्ची मोडली नाही, काच फुटली नाही, कुणाचा पाय कुणाला लागला नाही. वार्ताहर कंटाळून निघून गेले होते. आपांनी दाराशी उभं राहून शेवटची वीस मिनिटं पाहिली, आणि मी त्यांच्याशी न बोलता घरी गेलो.

बुधवारी मालकाकडे पत्र आलं. मॅनेजरनं ते आपांना वाचून दाखवलं, लेकीनं मला येऊन सांगितलं. पत्रात होतं, खिडकीवरच्या बाईनं मुद्दाम त्यांची माणसं पांगवली, एकेकाला शोधून आमच्या बायकापोरांमध्ये बसवलं, यामागे काय हेतू आहे याची चौकशी व्हावी.

वाक्य माझं होतं. फक्त 'आमची' आणि 'त्यांच्या' इकडचे तिकडे झाले होते. रांगेतल्या चाळिसांपैकी कुणीतरी नीट ऐकलं होतं. इतका चांगला अर्ज मी दुसऱ्या कुणासाठी लिहिला नव्हता.

लेक म्हणाली, "तुम्ही हळू बोलला असता तर?" आणि उत्तराची वाट न बघता निघून गेली.

मालकानं आपांना काढलं नाही, तेवढा तो शहाणा आहे. त्यांना मागच्या खोलीत बसवलं, जुन्या पोस्टरांच्या घड्या घालायला, अर्ध्या पगारावर. खिडकीवर आता एक तरुण आहे, कानात गाणी लावलेला. तो तक्ता डावीकडून भरत जातो. जो आधी येईल तो आधी, जे एकत्र येतील ते एकत्र. परवा मागच्याचा पाय पुढच्याला लागला आणि इंटरव्हलमध्ये दोघांची डोकी फुटली. दोघेही एकाच धर्माचे होते, त्यामुळे पत्र आलं नाही.

मी मागच्या खोलीत गेलो. खिडकी नाही, एकच ट्यूब, ती फडफडते. आपा जमिनीवर बसून एका नटाचा चेहरा चार घड्यांत दुमडत होत्या. मी अर्ज पुढे केला. रात्रभर बसून लिहिला होता, सगळं कबूल केलं होतं.

त्यांनी तो वाचला, परत दिला. "तुझ्या अर्जावर मी तेव्हा सही केली नाही, आता कशी करू?"

"माझ्यामुळे झालंय, आपा. मला काहीतरी करू द्या."

"मालक अर्जाला घाबरत नाही. गिऱ्हाइकाला घाबरतो." त्यांनी घडीवर तळवा दाबला. "त्या सिनेमाची सुरुवात कशी आहे रे?"

मी सांगितलं. पहाटेचं गाव, विहीर, दोन बायका एकमेकींच्या डोक्यावर हंडा चढवताहेत.

"कुणाच्या बायका?"

"तिथवर कळत नाही."

"बरी आहे की मग सुरुवात," आपा म्हणाल्या, आणि दुसरं पोस्टर ओढलं.

तेव्हापासून माझे पाय एका जागी ठरत नाहीत. मी रोज त्या चौकातून जातो, खिडकीसमोर थांबतो, रांग बघतो आणि पुढे जातो. मी एकटा कितीदा विचारणार? मला ते ओळखतात, माझं विचारणं भांडण वाटतं. तुमचं वाटणार नाही. तुम्ही कुठल्याही बाजूचे असा, तो सिनेमा तुम्हाला आवडलेला असो की नसो, त्या थिएटरात जाल तेव्हा पैसे आत सरकवण्याआधी एकदा मान वाकवा आणि विचारा, "आधीच्या बाई कुठं आहेत? आम्हाला जागा त्यांच्याकडूनच हवी." एवढं विचारा. आणि हळू आवाजात विचारा.