सड्यावरची खोटी नावं

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. शारजातल्या आमच्या एका खोलीत मी अभ्यासाला बसले की आई कुकरसुद्धा लावायची नाही.

मागच्या सत्रात आम्हाला भूगोल शिकवणाऱ्या बाई स्कॉटलंडमधल्या एका बेटावरच्या होत्या. तिकडे घरं थोडी, पण प्रत्येक खडकाला, ओढ्याला, उन्हाळ्यात गुरं नेण्याच्या कुरणाला नाव. नावाच्या शेवटी ‘बोस्ट’ आलं की तिथे कधीकाळी शेतवाडी होती, असं त्या सांगायच्या. नकाशा करणाऱ्यांनी जुन्या माणसांना न विचारता काही नावं भलतीच लिहिली आणि तीच कायम झाली, हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा.

मग त्यांनी प्रोजेक्ट दिला. त्यांचं बेट आणि आपलं गाव, शेजारी शेजारी. गावातली नावं घरच्या मोठ्यांना विचारून लिहायची.

बाबा फुजैराला तेलाच्या टाक्यांवर फिटर आहेत, शुक्रवारी घरी येतात. बेटाचा नकाशा बघून ते बूट न काढताच वाकले. “खडकाला पण नाव? बाय, आपल्या सड्यावर, त्या उघड्या कातळाच्या माळावर पण आहेत. सांगू?”

“बाबा, नंतर. तासाभरात अपलोड करायचंय.”

“बरं बरं,” म्हणत ते आंघोळीला गेले. ते बाहेर येईपर्यंत मी राजापूरजवळच्या आमच्या गावाला सहा नावं मनानेच देऊन टाकली. वेळ नव्हता असं नाही. बेटाची नावं मला भारी वाटत होती, आमची नाही.

बाईंनी वर्गात माझाच नकाशा लावला. “ही नावं कोणी सांगितली?”

“वडिलांनी.”

“ते वर्गाशी फोनवर बोलतील का?”

पुढच्या शुक्रवारी मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा लावला. “चिंचेचा माळ? अगं, तिथे चिंच कुठाय? तो धनगराचा सडा. आणि ही वाघाची पाणंद! वाघ काय दुबईहून आणलास?”

आई हसली. मला हसता येईना. ते बोट ठेवून सांगत गेले, मी खोडून लिहीत गेले. ओढ्याच्या निळ्या रेघेवर मात्र त्यांचं बोट थांबलं.

“ह्याचं नाव तुझे आजोबा सांगायचे. मी लक्ष कुठे दिलं!”

तिथे मी काहीच लिहिलं नाही. बाईंना मेल लिहिला: सहाही नावं मी बनवली होती, पाच खरी सोबत जोडली आहेत, सहावी जागा कोरी आहे. बाबांना वाचून दाखवला.

“मार्क कापतील?”

“कापतील.”

“कापू देत. पण मी बोलणार आहे म्हणून सांग.”

मी तेही लिहिलं.