तीन काटे, तीन दिवे

करमाडच्या अलीकडं आमच्या गाडीचं इंजिन बसलं. मी मागच्या सीटवर होते, आणि इंजिन बसण्याआधी चांगली दहा मिनिटं मला त्याची चाहूल लागली होती. पुढून टक-टक, टक-टक असं काहीतरी ठोकल्यासारखं येत होतं.

“आबा, काहीतरी वाजतंय,” मी म्हणाले.

“काही वाजत नाय.”

थोड्या वेळानं मी पुन्हा म्हणाले. आबांनी मान तिरकी करून ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाले, “रस्त्याचं असंल.” मग मी गप्प बसले. इंजिनाच्या बाबतीत आबांपुढं दुसऱ्यांदा बोलणंही आमच्या घरात जास्तीचं होतं.

कारण माझे वडील, आबा, म्हणजे कानानं इंजिन दुरुस्त करणारा माणूस. सिल्लोडच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये त्यांनी जन्मभर फिटरचं काम केलं. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, दुसऱ्या सिलेंडरचा वॉल्व्ह गेलाय. खोलून बघावं तर तोच गेलेला असे. लोक लांबलांबून ट्रॅक्टर, पंप, ट्रक घेऊन त्यांच्याकडं यायचे.

गाडीसुद्धा त्या कानामुळंच आमच्याकडं आली. पोलीस ॲक्शननंतर औरंगाबादचं एक जहागीरदार घराणं हैदराबादला निघून गेलं आणि त्यांची विलायती मोटार जिनिंगच्या मालकाकडं आली. मालकाकडं ती कधी धड चालली नाही. वर्षानुवर्षं सरकीच्या गोदामात उभी राहिली. आबांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी मालक म्हणाले, “तुमच्या हातानं चालत असंल तर तुम्हीच घेऊन जा.” आबांनी ती चार महिन्यांत चालू केली आणि निवृत्त होऊन आम्ही औरंगाबादला राहायला आलो ते त्याच गाडीतून. काळी, लांब नाकाची, आत लाकडी डॅश. डॅशवरचे मीटर मात्र सगळे मेलेले. पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर. आबांना त्याचं काही वाटत नव्हतं. गाडी बोलती आपल्याशी, म्हणायचे.

त्या दिवशी करमाडजवळ गाडी बोलत होती आणि त्यांना ऐकू आलं नाही. तेल गळून गेलं होतं, बेअरिंग कोरडं पडून ठोकत होतं. शेवटी एक मोठा आवाज झाला, तो त्यांनाही ऐकू आला, आणि गाडी थांबली. ट्रॅक्टरनं ओढत घरी आणली.

त्यानंतर आबांनी सहा महिने इंजिन उघडून काम केलं. ते काम करत असताना मी दारातून “आबा, चहा” म्हणायचे आणि ते वळायचे नाहीत. समोर जाऊन उभी राहिले की म्हणायचे, “हाक तरी मारायची.” तीस वर्षं जिनिंगच्या घरघरीत काढलेला माणूस. कान हळूहळू जात होते आणि ते कुणी बोलत नव्हतं. ते नाहीत, आई नाही, मी नाही.

मी तेव्हा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होते. आयटीआयच्या त्या वर्गात आम्ही दोनच मुली होतो. माझं काम दिवसभर मीटर तपासायचं. दाब बरोबर दाखवतोय का, उष्णता बरोबर दाखवतोय का, काटा अडकतोय का. तिथंच एका दुपारी टेबलावर ओळीनं मांडलेले मीटर बघताना माझ्या मनात आलं की आबांना जे ऐकू येत नाही ते त्यांना दिसायला लागलं तर. तेलाचा दाब, पाण्याची उष्णता आणि बॅटरीचं चार्जिंग. तीन काटे, आणि काट्याकडं लक्ष नसलं तरी डोळ्यात भरावा म्हणून प्रत्येकावर एकेक लाल दिवा.

आबांना सांगितलं तेव्हा ते इंजिनावर वाकलेले होते. मी मोठ्यानं सांगितलं.

“कशाला?” ते म्हणाले. “मी काय मेलोय का?”

“शिकलेलं वापरून बघते, आबा.”

“वापर. पण त्या लाकडाला भोक पाडायचं नाय. जहागीरदाराच्या वेळचं लाकूड हाय ते.”

म्हणून मी डॅशच्या खाली बसेल अशी ॲल्युमिनियमची पट्टी करायची ठरवली. सामान गोळा करायला दोन महिने लागले. जुन्या बाजारातल्या एका भंगारवाल्या चाचांकडं ट्रॅक्टरचा तेलदाबाचा मीटर मिळाला. काच तडकलेली होती. “बेटी, काच को मत देखो, काटा देखो,” चाचा म्हणाले आणि मीटरच्या तोंडाला तोंड लावून त्यांनी फुंकर मारली. काटा जरासा हलला. उष्णतेचा मीटर ट्रकचा होता. त्याला मागं केसाएवढी बारीक तांब्याची नळी आणि नळीच्या टोकाला पितळी गोळा. ती नळी मुडपली की मीटर कामातून गेला, म्हणून मी तो सायकलवरून तान्हं मूल घ्यावं तसा एका हातानं छातीशी धरून आणला. औरंगपुऱ्यात लाल भिंगाचे दिवे आणि वायर मिळाली. चार्जिंगचा अँपिअर मीटरही तिथंच. कारखान्यातून बाद केलेला एक थर्मोस्टॅट आमच्या साहेबांना विचारून आणला, पाणी फार तापलं की तो दिवा लावणार होता.

मीटर खरं दाखवतो की नाही हे बघायला मी चहाचं पातेलं घेतलं. पाणी, त्यात थर्मामीटर, त्यात तो पितळी गोळा आणि थर्मोस्टॅट, खाली स्टो. आई भाकऱ्या थापत होती. काटा हळूहळू वर सरकायला लागला तशी ती पिठाच्या हातानंच जवळ आली.

“हे वर चढलं म्हंजी इंजिन तापलं?”

“हं.”

“आन किती चढलं म्हंजी थांबायचं?”

मी आकडा सांगितला. आई म्हणाली, “आकडा नको. जागा दाखव.”

आई शाळेत गेली नव्हती. तिचं माहेर सिल्लोडच्या पलीकडचं, मेंढ्यांचं घर. लहानपणी तिनं शंभर मेंढ्या रानात नेल्या होत्या, त्यातली एक लंगडत असली तर तिला अर्ध्या मैलावरून दिसायची. मी नखाला लावायचं लाल पॉलिश आणलं आणि काचेवर एक रेघ ओढली. पाणी उकळायच्या बेतात आलं, काटा रेघेला टेकला, थर्मोस्टॅटला जोडलेला दिवा लागला. आई बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिली.

“एवढंच हाय होय,” ती म्हणाली. “मग मला बी चालवता यील की गाडी.”

मला वाटलं ती सहज बोलतेय. पण संध्याकाळी जेवताना तिनं तेच आबांपुढं म्हटलं.

“तुला इंजिनाचं काय कळतं?” आबा म्हणाले.

“ते हिचा काटा सांगंल. मला फक्त चाकं वळवायची.”

आबा हसले नाहीत. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, “गाडी चालू तर होऊ दे.”

पट्टी बसवायला तीन रविवार गेले. भोकं पाडून कानशीनं गोल केली, कडांना रबर लावलं, लेथवाल्याकडून तेलाच्या नळीसाठी पितळी जोड करून घेतला. रेडिएटरकडं जाणाऱ्या वरच्या पाइपात गोळा बसवला. आबा शेजारी उभे राहून बघायचे. हात लावायचे नाहीत. फक्त एकदा तांब्याची नळी पंख्याच्या फार जवळून गेली तेव्हा ती माझ्या हातातून घेतली, वळसा देऊन बॉडीला क्लिप मारली आणि परत जाऊन उभे राहिले.

गाडी चालू केली तेव्हा तेलाचा काटा टुणकन वर आला आणि तेलाचा दिवा विझला. चार्जिंगचा दिवाही विझला, पण अँपिअर मीटरचा काटा मात्र उलटीकडं गेला, बॅटरी रिकामी होतेय असं दाखवायला लागला. मी वायरी पुन्हा चाचपल्या. आबांनी वाकून पाहिलं आणि बऱ्याच दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर मजा दिसली.

“विलायती हाय ती. हिच्यात बॅटरीचं प्लस बॉडीला असतंय. तुझ्या कारखान्यात उलटं शिकवलं असंल.”

दोन वायरी अदलाबदल केल्या. काटा सरळ झाला.

आई गावाबाहेरच्या माळावर शिकली. शिकाऊ लायसन काढलं, गाडीला पुढंमागं लाल ‘एल’ लावला. शिकवणारे आबाच. क्लच, गियर, ब्रेक, एवढं ते सांगायचे. काट्यांकडं ते ढुंकून बघत नव्हते आणि आई दर मिनिटाला बघत होती. दोन महिन्यांनी ती म्हणाली, “आता सिल्लोडला जाऊ.”

ती पुढं, शेजारी आबा, मागं मी. जळगाव रस्त्यानं निघालो. आईनं पदर कमरेला खोचला होता आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग असं धरलं होतं की जणू ते सुटून पळणार होतं. चौक्याचा घाट लागला. ट्रक मागून हॉर्न देत होते, तिनं एकालाही भीक घातली नाही. निम्मा घाट चढलो असू, तेवढ्यात पुढं काहीतरी चिरकलं आणि थांबलं. मी तोंड उघडणार, तोच चार्जिंगचा दिवा लागला.

“दिवा लागला,” आई म्हणाली.

“कुठला?”

“बॅटरीचा.”

“काही झालेलं नाय. इंजिन मस्त चाललंय. चढाव संपू दे.”

आई चालवत राहिली. मी मागून बघत होते. उष्णतेचा काटा जागचा हलला होता आणि वर येत होता. आई रस्ता बघायची, काटा बघायची, पुन्हा रस्ता. काटा लाल रेघेच्या बोटभर खाली असताना तिनं गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

“अगं, का थांबवली?” आबा म्हणाले.

“मला दिसलं म्हणून.”

आबांनी बॉनेट उघडलं. पंख्याचा पट्टा तुटून खाली लोंबत होता. तोच पट्टा डायनामोही फिरवायचा, म्हणून चार्जिंग गेलं होतं, आणि पंखा थांबला म्हणून पाणी तापत होतं. अजून थोडं चढलो असतो तर आबांचे सहा महिने त्या घाटातच गेले असते. त्यांनी तो तुकडा हातात घेऊन उलटासुलटा केला. पट्टा तुटायच्या आधी किती किंचाळतो ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार.

“वाजला होता का?” त्यांनी मला विचारलं.

“हो, आबा.”

त्यांनी पट्ट्याचा तुकडा खाली ठेवला. मग आईला म्हणाले, “मला आता नीट ऐकू येत नाय.”

“दोन वर्षं झाली,” आई म्हणाली. “मला ठाऊक हाय. पट्टा हाय का दुसरा?”

डिकीत होता. आबा फिटर होते, त्यांच्या डिकीत सगळं असायचं. इंजिन निवेपर्यंत आम्ही चिंचेखाली बसून दशम्या खाल्ल्या. मग त्यांनी डायनामोचा बोल्ट सैल केला, नवा पट्टा चढवला, अंगठ्यानं दाबून ताण बघितला. आईनं किल्ली फिरवली. तेलाचा आणि बॅटरीचा असे दोन दिवे लागले आणि एकेक करून विझले. आबा खिडकीतून डोकं घालून ते बघत होते. पहिल्यांदाच बघत होते.

फुलंब्रीच्या पुढं रस्ता सपाट झाला तशी आई सैलावली. एका हातानं पदर सावरायला लागली. सिल्लोडात शिरलो तर जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग. आई त्यातून वाट काढत होती, बैल बिचकू नयेत म्हणून हॉर्न न वाजवता.

“इथं थांबव,” आबा म्हणाले.

मला वाटलं इथं तरी ते जागा बदलून घेतील. सगळे त्यांचे ओळखीचे, त्यांच्या कानाची कीर्ती माहीत असलेले. पण ते तसेच शेजारी बसून राहिले. जुने सोबती गाडीभोवती जमले. आबांनी काच खाली केली आणि म्हणाले, “पोरीनं दिवे बसवले आन हिनं घाटात गाडी वाचवली. मला कायबी ऐकू आलं नाय.”

ते फार मोठ्यानं बोलले. ऐकू कमी येणारी माणसं बोलतात तसं. आणि जिनिंगचे ते म्हातारे तेवढ्याच मोठ्यानं म्हणाले, “आम्हाला तरी कुठं येतंय?” सगळे एकदम हसले. आबाही हसले, डोळे पुसेपर्यंत हसले.

मग एकानं आत वाकून विचारलं, “वहिनी, हे काय काय लावलंय?”

आईनं इंजिन बंद करून किल्ली अर्धी फिरवली, दिवे दिसावेत म्हणून. एकेकावर बोट ठेवून सांगायला लागली. हे तेलाचं, हे पाण्याचं, हे बॅटरीचं. ही रेघ आली की थांबायचं, मग नवरा कायबी म्हणू दे. ऐकणारे सगळे बहिरे, त्यामुळं तीही ओरडून सांगत होती, आणि रांगेतले गाडीवान उतरून बघायला आले होते. प्रत्येकाला पुन्हा पहिल्यापासून ऐकायचं होतं. आईनं प्रत्येकाला पहिल्यापासून सांगितलं.