उजव्या हाताची नखं

पेटीने पुन्हा हात बदलला. आता ती भाचीकडे आली.

"मावशी, रिक्षा करू या ना!"

"हाडं खिळखिळी होतील गिटारीची. गप चाल, सावलीसावलीने."

निघाल्या होत्या बसनेच. कंडक्टर म्हणाला, एवढी मोठी पेटी टपावर टाका. "मग मीही टपावरच बसते," म्हणत मावशी जी उतरली, ती थेट चालायलाच लागली. ऊन आलं तशी भाचीने ओढणी काढून पेटीवर पांघरली.

पेटीतली गिटार मावशीच्याच वयाची होती. नायलॉनच्या तारांची, शास्त्रीय वादनाची. एका संगीतशिक्षकाच्या बायकोकडून तिने ती मिळवली होती, त्यांच्या घरभरचे पडदे शिवून देऊन. वाजवून झालं की मऊ बनियनने पुसायची. लाकूड तडकू नये म्हणून पेटीत भोकं पाडलेली साबणाची डबी, डबीत ओला स्पंज. इतक्या वर्षांत एक ओरखडा नाही.

मावशी शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करायची. उजव्या हाताची नखं मात्र वाढवलेली, कारण तारा छेडायच्या त्या नखांनीच. दुकानाचे मास्तर ओरडायचे, "धागे ओढले जातात, काप ती!" मावशीने बोटांना कापडी टोप्या शिवल्या, त्या चढवून काजं केली, पण नख कापलं नाही.

आता डाव्या हाताची बोटं संधिवाताने वाकली होती. तारा दाबल्या जाईनात. विकायची, हे तिनेच ठरवलं. अट एकच, घेणारा वाजवणारा हवा. गिऱ्हाईक मामाने आणलं. अट ऐकून मामा "हो, हो" म्हणाला होता.

भाचीही त्याच मास्तरांच्या हाताखाली कामाला होती. तिची नखं दर रविवारी न चुकता कापलेली. वाटभर ती मनात देवाला आळवत होती, आज तेवढं भांडण नको रे बाबा.

देवाचं लक्ष दुसरीकडे असावं. गिऱ्हाईकाच्या कॉफीच्या दुकानात शिरताच मावशीला भिंतीवर नवाकोरा खिळा दिसला, वाफ सोडणाऱ्या यंत्राच्या बरोब्बर वर.

"हा कशाला?"

"गिटारीला! चकचकीत स्टीलच्या तारा लावतो, बघा कशी शोभेल."

"स्टीलचा ताण सोसेल का तिला? तारांखालची घोडी उखडेल, वरची फळी घेऊन. आणि वाजवणार कोण?"

"वाजवायचीय कोणाला, आजी? लोक फोटो काढतील."

मावशीने उघडायला घेतलेल्या पेटीच्या कड्या खटाखट परत लावल्या. "हे हरणाचं मुंडकं नाही भिंतीवर टांगायला."

"अहो, पण व्यवहार ठरलाय!"

"कोणी ठरवला? माझ्या भावाने? मग त्यालाच टांगा. तोही वाजत नाही."

बाहेर आल्यावर भाचीला हसू आवरेना. मग धास्ती वाटली. "मामा घर डोक्यावर घेईल."

"घेऊ दे. डोक्यात जागा बरीच आहे त्याच्या."

एका बंद दुकानाच्या पायरीवर दोघी टेकल्या. भाचीने न सांगता पेटी आधी सावलीत सरकवली. मावशीने ते पाहिलं. गिटार बाहेर काढून मांडीवर घेतली, भाचीचं डावं बोट धरून तारेवर ठेवलं.

"दाब. अजून. रुतलं तरी सोडू नको."

मग आपल्या लांब नखाने तार छेडली. गोल, भरलेला सूर उमटला. भाचीला तो बोटाच्या टोकात जाणवला. कितीतरी दिवसांनी गिटार बोलली होती.

"तूच घे विकत," मावशी म्हणाली.

"मी? माझ्याकडे कुठले एवढे पैसे?"

"पैसे कोणी मागितले? पण फुकट देणार नाही. मलाही फुकट मिळाली नव्हती."

"मग काय देऊ?"

मावशीने तिचा उजवा हात उलटा करून पाहिला. आखूड, गुळगुळीत, मास्तरांना आवडतील अशी नखं.

"मास्तर ओरडतील, ओरडू देत. टोप्या मी शिवते. तू एवढंच कर, या रविवारी ह्या हाताला नेलकटर लावू नकोस."