अंगठ्याखालचा फोड आणि ग्रुपवरचे डॉक्टर

माझे मामा पायाच्या अंगठ्याखालच्या एका फोडाने गेले.

आज वर्ष झालं. सकाळपासून इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हात जोडलेले इमोजी पडतायत. बघून किळस येते.

ज्यांना पुढचं झोंबेल त्यांनी खुशाल अनफ्रेंड करा.

मामा इंग्लंडमध्ये, स्टॅनमोरला राहायचे. इथल्या हॉस्पिटलात जन्मभर भूल दिली, कन्सल्टंट म्हणून रिटायर झाले. डायबेटिस जुना. पायाला काही जाणवायचंच नाही, त्यामुळे नवा बूट चावला तेही कळलं नाही.

फॅमिली डॉक्टरने पोडायट्रिस्टकडे, म्हणजे पायांच्या तज्ज्ञाकडे पाठवलं. मी रीडिंगहून येऊन त्यांना घेऊन गेले.

क्लेअर नाव तिचं. तिने पाय मांडीवर घेतला तर मामा ओशाळले. परक्या बाईने पायाला हात लावायचा?

तिने रीतसर सगळं केलं. डॉपलर लावून रक्त पोचतंय का पाहिलं. जखमेचा स्वॉब घेतला. हाडापर्यंत गेलंय का बघायला एक्स-रे लिहिला, ब्लड टेस्ट लिहिली. आणि अँटिबायोटिक. आजच सुरू करा म्हणाली.

बाहेर पडताना मामा म्हणाले, "हिला अँटिबायोटिक लिहायचा अधिकार आहे?"

"आहे मामा. इथे तसं ट्रेनिंग घेतलेले पोडायट्रिस्ट लिहू शकतात."

"हं."

त्या वीकेंडला मंडळाचं गणपतीचं जेवण.

मामांच्या पाया पडायला तिथे रांग लागायची. अर्धी रांग डॉक्टरांची. त्या सॉकच्या आत काय चाललंय, हे एकानेही विचारलं नाही. मामांनीच आपणहून विषय काढला.

त्यावर एक थोर सर्जन काका, हातात मोदक, सगळ्यांसमोर म्हणाले,

"अरे, नखं कापणारी बाई तुला अँटिबायोटिक देणार? कन्सल्टंट ना तू? फोटो टाक ग्रुपवर."

सगळे हसले. मामासुद्धा.

(नाव लिहीत नाही. ज्याचं त्याने ओळखावं.)

फोटो पडला. कानाच्या डॉक्टरांनी लिहिलं, ड्राय ठेव. हृदयाच्या डॉक्टरांनी अंगठ्याचा इमोजी टाकला. कोणीतरी हळद सुचवली. शी!

मी रोज फोन करायचे. "मामा, गोळ्या चालू आहेत ना? एक्स-रे झाला?"

"हो गं, झालं सगळं."

काहीही झालं नव्हतं. केमिस्टची पिशवी ओट्यावर तशीच, स्टेपल न काढलेली.

मी पुन्हा गेले तेव्हा सॉक काढला आणि खोलीभर वास सुटला. तो वास अजून माझ्या नाकातून जात नाही.

आधी अंगठा काढला. मग गुडघ्याखालून पाय. इन्फेक्शन रक्तात गेलं होतं. मामा घरी आलेच नाहीत.

आता ऐका. मामांच्या स्मरणार्थ मंडळाने आज व्याख्यान ठेवलंय. विषय, डायबेटिस आणि पायांची काळजी. वक्ते कोण? तेच, मोदकवाले.

थोडी तरी लाज?

एकाने मला समजावलं, "अगं, ते सीनियर आहेत. त्यांचा हेतू चांगला होता."

असले चांगले हेतू तुमचे तुम्हाला लखलाभ. मी येणार नाही.

गेल्या आठवड्यात मामींचा फोन आला. त्यांनाही डायबेटिस आहे.

"टाचेची भेग लाल झालीय गं. ग्रुपवर फोटो टाकू का?"

"फोटो कुणालाही पाठवू नका, मी निघाले," म्हटलं आणि गाडी काढली.

क्लेअर मामींचा पाय बघत होती. मामींनी मला हळूच विचारलं, "यांनाही हिनेच बघितलं होतं का?"

"हो."

मामींनी केमिस्टकडून गोळ्या घेतल्या, आणि घरी पोचायची वाटही न बघता तिथेच काउंटरवर पाणी मागून पहिली गोळी गिळली. मग रडल्या.

मामा, तुमचा राग येतो. त्या लोकांच्या हसण्यात तुम्ही हसलात, त्याचा जास्त येतो. आणि तुमच्याशिवाय अजिबात करमत नाही.

भावपूर्ण वगैरे ग्रुपवर बरंच पडलंय, मी ते लिहीत नाही.

येते, मामा.